ट्रॉली शेडमध्ये मावेल का?

मेहरूण म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, तलाव आणि बोरे. जळगाव शहर वाढत वाढत या गावाला कधीच येऊन मिळाले. पण जुन्या गावठाणातले बोळ रुंद झाले नाहीत. बैलगाडीच्या मापाने आखलेल्या या बोळांतून आता ट्रॅक्टर आणि त्यामागे ट्रॉली जाते, आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड घालायचा विचार निघाला की एकच प्रश्न पुढे येतो: ट्रॉली आत मावेल का?

अशा वेळी बहुतेक जण टेप घेऊन ट्रॉलीची लांबी मोजतात, जागेची लांबी मोजतात आणि दुसरा आकडा मोठा निघाला की खांबांचे खड्डे खणायला सांगतात. काँक्रीट वाळल्यावर कळते की ट्रॉली शेडमध्ये मावते खरी, पण शेडपर्यंत पोचत नाही. मावणे आणि पोचणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला भूमितीचा, दुसरा गतीचा. शिवाय एकाचे उत्तर सोपे करायला जावे तर दुसरे अवघड होते.

आधी मावण्याचे पाहू. समजा, दोन चाकांच्या ट्रॉलीचा हौदा १० फूट लांब व ६ फूट रुंद आहे आणि पुढे हुकापर्यंतचा दांडा ४ फुटांचा आहे. एकूण लांबी १४ फूट. शेडसाठी जागा मिळते आहे आतून १३ फूट बाय १३ फूट. सरळ लावली तर ट्रॉली एक फूट बाहेर राहणार. पायथागोरसचे प्रमेय शिकलेला विद्यार्थी लगेच म्हणेल, "तिरकी लावा! कर्ण १३ × १.४१४, म्हणजे जवळजवळ १८.४ फूट आहे." उत्तर बरोबर आहे, पण कारण अपुरे आहे. कर्णावर मावते ती काठी. ट्रॉलीला रुंदी आहे.

१४ फूट लांब आणि ६ फूट रुंद अशी सरसकट चौकोनी पेटी असती तर? ४५ अंशांत तिरकी ठेवली की पेटीची मागची कड शेडच्या कोपऱ्यात अडकते. कोपरा काटकोनी असल्याने कडेचा मध्यबिंदू कोपऱ्यापासून रुंदीच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे ३ फुटांवर राहतो. पुढच्या बाजूलाही तेच. म्हणजे कर्णातून पूर्ण ६ फूट वजा झाले, उरले १२.४. सरळ उभी केली असती तर निदान १३ फूट मिळाले असते! रुंद वस्तू तिरकी ठेवण्यात फायदा तर नाहीच, उलट तोटाच झाला.

मग ट्रॉली कशी मावते? तिच्या नाकामुळे. पुढचा दांडा अरुंद आहे, तो थेट कोपऱ्यात घुसतो. त्या बाजूला काहीच वजा होत नाही. फक्त मागचे ३ फूट जातात आणि १५.४ फूट उरतात. आपल्याला हवेत १४. हौद्याचे पुढचे खांदे भिंतींना लागतील का, हेही तपासावे लागेल. ते दांड्याच्या टोकापासून ४ फूट मागे आहेत, आणि कोपऱ्यापासून ४ फुटांवर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४-४ फूट जागा असते. खांद्यांना हवी ३-३ फूट. काम झाले.

हाच हिशेब अमेरिकेत वेगळ्या वस्तूसाठी मांडला जातो. तिकडे पाण्यावर घसरणाऱ्या स्कीअरला दोरीने ओढणारी मोटरबोट पुष्कळ कुटुंबांकडे असते, आणि हंगाम संपला की ती ट्रेलरसकट घरच्या गॅरेजमध्ये ठेवायची असते. बोट साधारण २० फुटांची, ८ फूट रुंद; ट्रेलरचा दांडा धरून लांबी २४ फूट. गॅरेज मात्र २० फूट बाय २० फूट. कर्ण २८.३ फूट, मागच्या रुंदीचे ४ वजा, राहिले २४.३. म्हणजे तीन-चार इंच शिल्लक ठेवून बोट कागदावर मावते. पण मग त्या गॅरेजमध्ये मोटार तर सोडाच, माणसालाही धड फिरता येत नाही. म्हणून तिथल्या ट्रेलर बनवणाऱ्यांनी वेगळी युक्ती काढली आहे. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आता पोचण्याचा प्रश्न. बोळ ८ फूट रुंद आहे आणि काटकोनात वळून तेवढ्याच रुंदीच्या दुसऱ्या बोळात शिरतो. वळणावरून जास्तीत जास्त केवढी लांब काठी आडवी धरून नेता येईल? उत्तर २२.६ फूट. (वळणाच्या आतल्या कोपऱ्याला टेकलेली, दोन्ही बाहेरच्या भिंतींना टेकलेली ४५ अंशांतली रेघ काढा, दोन काटकोन त्रिकोण दिसतील.) त्याच वळणावरून ६ फूट रुंदीची पेटी न्यायची तर रुंदीची दुप्पट वजा करावी लागते: २२.६ − १२, म्हणजे १०.६ फूट. आपला १० फुटांचा हौदा जेमतेम वळेल, पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकसंध असती तर वळण अशक्य होते. मधला सांधा आहे म्हणून एका लांब वस्तूच्या दोन आखूड वस्तू होतात.

हा हिशेब करताना आपण पेटी हवी तशी सरकवता येते असे धरले होते. चाकाला ही मुभा नाही. ते पुढे-मागे फिरते, बाजूला सरकत नाही. जळगावला कार्तिकी एकादशीच्या रथोत्सवात हे छान पाहायला मिळते. रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी घालून त्याला थांबवतात आणि वळवतात. एका बाजूचे चाक अडले की दुसरे पुढे जाते आणि रथाचे तोंड फिरते. मोगरी लावणाऱ्याला वळणाची भूमिती कोणी फळ्यावर शिकवलेली नसते.

ट्रॉली शेडमध्ये जाते ती मागे मागे. नवशिक्याची खरी परीक्षा इथेच. स्टिअरिंग डावीकडे फिरवून मागे यावे तर ट्रॅक्टरची मागची बाजू डावीकडे जाते, तिच्याबरोबर हूकही डावीकडे सरकतो. ट्रॉली आपल्या धुऱ्याभोवती फिरते आणि तिची शेपटी जाते उजवीकडे! हे उलटे गणित सवयीने जमते. सवयीने जात नाही ती दुसरी अडचण. पुढे ओढताना ट्रॉली आपोआप सरळ होते, मागे ढकलताना आपोआप वाकडी होते. तळहातावर उभी धरलेली काठी कलली की कलतच जाते, तसे.

किती वेगाने? हुकापासून धुऱ्यापर्यंतचे अंतर ९ फूट आहे आणि सुरुवातीला ट्रॉली फक्त २ अंशांनी तिरपी आहे असे धरा. हूक सरळ रेषेत मागे ढकलत राहिलो तर ९ फुटांनंतर तिरपेपणा सुमारे ५ अंश, १८ फुटांनंतर १५ आणि २७ फुटांनंतर ३९ अंश होतो. थोडे आणखी मागे गेले की ट्रॉली चाकूसारखी मिटून ट्रॅक्टरला येऊन भिडते. हुकापासून धुऱ्यापर्यंतचे अंतर निम्मे असते तर हाच बिघाड निम्म्या अंतरात झाला असता. अनुभवी चालक म्हणतात की आखूड ट्रॉलीपेक्षा लांब ट्रॉली मागे घ्यायला सोपी, त्याचे कारण हेच: चूक सुधारायला वेळ मिळतो. (चार चाकांच्या, पुढचा धुरा वळणाऱ्या ट्रॉलीत सांधे दोन होतात. ती रिव्हर्स घेणाऱ्याला खरोखर मानले पाहिजे.)

म्हणजे गाठ अशी पडली. दांडा लांब ठेवावा तर ट्रॉली शेडमध्ये मावत नाही. आखूड करावा तर शेडमध्ये घालता येत नाही. बोटीच्या ट्रेलरवाल्यांनी ही गाठ दांड्यात बिजागरी घालून सोडवली. रस्त्यावर आणि रिव्हर्समध्ये दांडा पूर्ण लांब. गॅरेजमध्ये गेल्यावर हूक सोडायचा, खीळ काढायची आणि दांडा बाजूला दुमडायचा. दोनएक फूट वाचतात. बोटीच्या मागची, पाण्यातून वर चढायची फळी सुटी असेल तर तीही काढून भिंतीला लावतात. मग बोट तिरकी घालावी लागत नाही आणि शेजारी मोटार उभी राहते. आपल्या ट्रॉलीला मात्र असली बिजागरी गावच्या वेल्डरकडून बसवून घेऊ नये. सगळ्या मालाचा ओढा त्या एका जागेवर येतो.

शेडमध्ये हूक सोडताना आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, दांड्याखाली भक्कम टेकू द्यावा. दोन चाकांच्या ट्रॉलीचा बराच भार दांड्यावर असतो. तो एकदम खाली आला तर पाय वाचत नाही. ट्रॉली मागे घेताना चालकाला हौद्यामागचे काही दिसत नाही, म्हणून एक माणूस खाली उभा हवा, चालकाला आरशात दिसेल अशा जागी, आणि पोरे अंगणात नकोत. उंची मोजताना शटर गुंडाळल्यावर त्याचा लोळा किती खाली लोंबतो तेही मोजावे.

वर्गात हे सारे करून पाहता येते. एका फुटाला एक सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन आलेख कागदावर बोळ आणि शेड काढा, जाड पुठ्ठ्याची ट्रॉली कापा. ट्रॉलीच्या धुऱ्याच्या जागी खालून दोन बटणे चाकासारखी फिरतील अशी बसवा, आणि दांड्याच्या टोकाला टाचणी टोचून ती मागे ढकला. १३ बाय १३ च्या शेडला १० फुटांचे दार ठेवले तर ट्रॉली त्या तिरक्या जागी नुसत्या ढकलण्याने पोचते, की शेवटी हूक सोडून माणसांनी ती धुऱ्याभोवती फिरवावी लागते? दार कोपऱ्याजवळ नेले तर काय बदलते? मुलांना आधी अंदाज लिहू द्या, मग ढकलू द्या.

वळणाच्या याच कोड्याने गणितज्ञांनाही बराच काळ दमवले. एकक रुंदीच्या, काटकोनात वळणाऱ्या बोळातून जाऊ शकणारा सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा आकार कोणता, असा प्रश्न लिओ मोझर यांनी १९६६ साली विचारला. याला 'सोफ्याचा प्रश्न' म्हणतात. १९९२ मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरसारखा दिसणारा, सुमारे २.२१९५ क्षेत्रफळाचा आकार दिला. याहून मोठा आकार असूच शकत नाही, अशी शंभरावर पानांची सिद्धता दक्षिण कोरियाचे जिनऑन बेक यांनी २०२४ च्या अखेरीस मांडली. त्यांच्या सोफ्याला चाके नव्हती, तो हवा तसा सरकत होता.