हिशेबाची नवी भाषा : पायथॉनमधील अलीकडच्या सुधारणा

पेढीवरील कीर्द-खतावणीची जागा संगणकाने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला. आपल्या घरांतील नवी पिढी शाळा-महाविद्यालयांत संगणकाची भाषा शिकते, आणि त्यांतील अनेकांच्या हाती पहिल्यांदा येते ती ‘पायथॉन’. मालाची यादी, येणे-देणे, महिन्याच्या विक्रीचा आढावा अशी कामे या भाषेत थोड्या ओळींत होतात. ज्या साधनावर हिशेब सोपवायचा त्याची पारख घरातील वडीलधाऱ्यांनाही असावी, म्हणून तिच्यातील अलीकडच्या बदलांची ही ओळख.

गीडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत या भाषेचे काम आरंभले आणि १९९१ मध्ये ती ॲमस्टरडॅमहून जगापुढे आली. ती सर्वांना विनामूल्य मिळते. तिची मुख्य अंगे दोन. आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून यंत्राकडून त्या करवून घेणारा ‘इंटरप्रिटर’, म्हणजे एक प्रकारचा दुभाषी, हे पहिले. आणि भाषेसोबतच मिळणारे तयार साधनांचे भांडार, म्हणजे ‘स्टँडर्ड लायब्ररी’, हे दुसरे.

हा दुभाषी संथ आहे, अशी तक्रार पूर्वीपासून होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ या आवृत्तीने ती बरीच कमी केली. ठरावीक चाचण्यांच्या संचावर ही आवृत्ती आधीच्या ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान ठरली. हे साधले कसे, ते मुनीमजींच्या उदाहरणाने समजेल. अनुभवी मुनीम रोज त्याच प्रकारच्या नोंदी पाहून प्रत्येक वेळी सारे नियम नव्याने तपासत बसत नाही. त्याचा हात सरावाने चालतो, आणि वेगळी नोंद आली की तो थांबून नीट पाहतो. तसेच, एखाद्या ठिकाणी पुनःपुन्हा पूर्णांकांचीच बेरीज होत असेल, तर इंटरप्रिटर तेथे पूर्णांकांसाठीचा जवळचा मार्ग वापरतो. निराळी वस्तू समोर आली की नेहमीच्या मार्गावर परततो.

दुसरी सुधारणा शिकणाऱ्यांना अधिक मोलाची वाटेल. पूर्वी एखादा कंस बंद करायचा राहिला, तर चूक पुढच्याच ओळीत असल्याचे मोघम उत्तर मिळे आणि नवशिक्याचा तास वाया जाई. ३.१० पासून नेमका कोणता कंस उघडा राहिला ते सांगितले जाते. नाव लिहिताना अक्षर चुकले, तर जवळचे योग्य नावही सुचवले जाते. ३.११ मध्ये ओळीतील नेमक्या कोणत्या भागात घोटाळा झाला, त्याखाली खूण होऊ लागली.

तिसरा बदल अजून रुळत आहे. एकाच कार्यक्रमातील अनेक कामे एकाच वेळी पायथॉनच्या आज्ञा चालवू शकत नसत. तिजोरीची किल्ली एकच असल्यासारखी प्रत्येकाला पाळी धरावी लागे. हे बंधन नसलेली वेगळी बांधणी ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. नेहमीच्या बांधणीत मात्र जुनाच नियम कायम आहे.

आता भांडाराकडे वळू. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली, तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत एक दशांश नेमका मांडता येत नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसेच हे. पैशाच्या हिशेबाला ही पद्धत योग्य नव्हे. त्यासाठी भांडारात २००४ पासून ‘डेसिमल’ हे साधन आहे आणि २०१२ मधील नव्या बांधणीनंतर ते कितीतरी वेगवान झाले. मात्र त्याला रक्कम अवतरणचिन्हांत द्यावी. अन्यथा मूळची चूक तशीच आत शिरते.

२०२० मध्ये भांडारात जगातील स्थानिक वेळांचे साधन आले. अँटवर्पच्या हिरेबाजारात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आहेत. तेथील घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेतीन. हा फरक आता भाषाच सांभाळते.

भांडारात भर पडते तशी सफाईही होते. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये कालबाह्य झालेली १९ साधने काढून टाकण्यात आली. त्याची सूचना दोन वर्षे आधी ३.११ मध्येच दिलेली होती. तरीही कोणी तिकडे पाहिले नसेल, तर त्यांवर आधारलेला जुना कार्यक्रम नव्या आवृत्तीवर अडतो. उलट, जुनीच आवृत्ती चालू ठेवण्यातही धोका आहे. प्रत्येक आवृत्तीची देखभाल साधारण पाच वर्षे होते. २०२० च्या ३.९ ची मुदत २०२५ मध्ये संपली. त्यानंतर सुरक्षेतील उणिवा उघडकीस आल्या तरी त्या आवृत्तीसाठी दुरुस्ती येत नाही, आणि ग्राहकांची नावे, थकबाकी, बँकेचा तपशील त्याच यंत्रावर असतो.

म्हणून कार्यक्रम करून देणाऱ्याला, मग तो घरचा मुलगा वा मुलगी असो की बाहेरचा जाणकार, तीन प्रश्न अवश्य विचारावेत. कोणती आवृत्ती वापरली आहे आणि तिची मुदत कधी संपते? रकमांसाठी ‘डेसिमल’ वापरले आहे का? काढून टाकलेल्या साधनांपैकी एखाद्यावर काम अवलंबून आहे का? पायथॉनची नवी आवृत्ती हल्ली दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते, आपल्याकडे दिवाळीच्या नव्या वह्यांची तयारी चालते त्याच सुमारास. वह्या बदलताना हे तीन प्रश्नही विचारून घेतले, तर वर्षाचा हिशेब निर्धोक राहील.