लहान विमानतळाची राखण

मोठ्या शहरातील विमानतळाचे चित्र सर्वांच्या परिचयाचे असते. प्रवेशद्वारी सशस्त्र पहारा, सामानाची क्ष-किरणांनी होणारी तपासणी, प्रवाशांची झडती आणि सभोवार उंच भिंत. परंतु विमानविद्येचा संसार एवढ्यावरच संपत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक वापरास खुले असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. त्यांपैकी वेळापत्रकानुसार प्रवासी विमाने सुटतात ती सुमारे ५०० ठिकाणांहून. उरलेल्या ठिकाणी पिकांवर औषध फवारणारी, रुग्णांची ने-आण करणारी, हौशी वैमानिकांची आणि उड्डाणशाळांची लहान विमाने ये-जा करतात. या सर्व व्यवहारास ‘सामान्य विमानवाहतूक’ अशी संज्ञा आहे.

अशा विमानतळावर बहुधा एक धावपट्टी, काही विमानघरे, इंधनाचा एक पंप आणि एक छोटी कचेरी एवढाच पसारा असतो. अनेक ठिकाणी नियंत्रण-मनोरा नसतो. रात्री तर कोणी माणूसही नसते. तेथे मोठ्या विमानतळाचा बंदोबस्त जसाच्या तसा उभारावयाचा म्हटले, तर त्या खर्चाखाली विमानतळच बंद पडेल. काहीच केले नाही, तर धावपट्टीवर उभे असलेले विमान कोणाच्याही हाती पडू शकेल. या दोन टोकांमधील वाट कशी काढावयाची, हा प्रश्न आहे.

धोक्याचे मोजमाप

१२ सप्टेंबर १९९४ रोजी मध्यरात्रीनंतर, मेरिलँड राज्यातून चोरलेले एक सेसना १५० विमान वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर कोसळले. ५ जानेवारी २००२ रोजी फ्लोरिडातील एका उड्डाणशाळेचा पंधरा वर्षांचा विद्यार्थी, प्रशिक्षक विमानात बसण्यापूर्वीच सेसना १७२ घेऊन एकटा उडाला आणि टँपा शहरातील एका उंच इमारतीवर आदळला. दोन्ही प्रसंगी विमान चालविणाराच तेवढा प्राणास मुकला. इमारतींची हानीही मर्यादित राहिली.

यामागील कारण पदार्थविज्ञानातच सापडते. गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, आणि वेगाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग चौपट झाला की ऊर्जा सोळापट होते. सेसना १७२ विमानाचे माणसे व इंधन यांसह वजन सुमारे १,१०० किलोग्रॅम असते आणि त्याच्या टाक्यांत सुमारे २०० लिटर इंधन मावते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर आदळविलेली विमाने बोइंग ७६७ जातीची होती. त्या जातीच्या विमानाचे कमाल वजन सेसनाच्या दीडशेपटींहून अधिक असून त्याची इंधनक्षमता सुमारे ९०,००० लिटर आहे.

तथापि लहान म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ कोणी घेऊ नये. १८ फेब्रुवारी २०१० रोजी टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे एका इसमाने स्वतःचे लहान विमान प्राप्तिकर कार्यालयाच्या इमारतीवर घातले. त्यात त्याच्यासह तेथील एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. धोका अल्प असेल, पण शून्य नाही. म्हणून उपाय धोक्याच्या मानाने योजले पाहिजेत. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मे २००४ मध्ये लहान विमानतळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचे मर्म हेच होते. दाट लोकवस्ती किती जवळ आहे, विमाने किती व केवढी आहेत, धावपट्टी किती लांब आहे, उड्डाणे किती होतात, यांना गुण द्यावयाचे आणि एकूण गुणसंख्येवरून बंदोबस्ताची पायरी ठरवावयाची, अशी ती पद्धती होती.

कुलूप आणि किल्ली

लहान विमानाच्या दाराचे कुलूप साधेच असते. म्हणून दुसरा अडसर लागतो. प्रॉपेलरभोवती साखळी घालून तिला कुलूप लावणे, इंजिनाची शक्ती वाढविणारा थ्रॉटलचा दांडा जागच्या जागी जखडून ठेवणे, चाकाला अडकण घालणे, किंवा विमान विमानघरात ठेवून त्याला कुलूप लावणे, असे हे उपाय आहेत. न्यू जर्सी राज्याने २००३ साली, चोवीस तासांहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या विमानास अशी दुहेरी कुलुपे सक्तीची केली. चोराला थोपविण्यास भिंतच हवी असे नाही. पुष्कळदा त्याचा वेळ मोडणे पुरेसे होते.

उड्डाणशाळेचा प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण तेथे किल्ली विद्यार्थ्याच्या हाती द्यावीच लागते. त्यासाठी २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत काही साध्या सूचना आहेत. दाराची किल्ली आणि इंजिन सुरू करण्याची किल्ली वेगवेगळी असावी. दुसरी किल्ली प्रशिक्षकाने विमानापाशी आल्यावरच द्यावी. विद्यार्थ्याने आधी कचेरीत नोंद करावी, आणि नोंदपत्रकावर त्याच्याबरोबर प्रशिक्षकाची अथवा व्यवस्थापकाची सही झाल्याखेरीज किल्ली मिळू नये. टँपाची दुर्घटना आठवली की या सह्यांचे मोल ध्यानात येते.

ओळखीची नजर

लोखंडी कुलपाहूनही मोलाची अशी एक गोष्ट लहान विमानतळापाशी असते. ती म्हणजे परस्परांची ओळख. कोणते विमान कोणाचे, कोण केव्हा उडतो, हे तेथील माणसांना ठाऊक असते. ऑगस्ट २००१ मध्ये मिनेसोटा राज्यातील ईगन येथील एका प्रशिक्षणसंस्थेत झकेरिया मुसावी नावाचा इसम बोइंग ७४७ चे शिक्षण घेण्यास आला. शुल्काची बहुतेक रक्कम त्याने रोख भरली होती. लहान विमानही त्याने कधी एकट्याने उडविलेले नव्हते. संस्थेतील माणसांना संशय आला. त्यांनी एफबीआय या संघीय अन्वेषण खात्यास कळविले आणि १६ ऑगस्ट रोजी मुसावीस अटक झाली. मात्र त्याच्या सामानाची झडती घेण्याची अनुमती ११ सप्टेंबरचा आघात होईपर्यंत मिळाली नाही.

त्या कटातील दोन वैमानिक फ्लोरिडातील व्हेनिस येथील लहान विमानतळावर शिकले होते. विद्यार्थी म्हणून राहण्यास त्यांना अनुमती दिल्याची शासकीय सूचना त्या शाळेच्या हाती पडली ती ११ मार्च २००२ रोजी, म्हणजे दोघांच्या मृत्यूनंतर बरोबर सहा महिन्यांनी! पहिल्या प्रसंगी नजर जागी होती, पण तिचा निरोप वेळेवर उपयोगी पडला नाही. दुसऱ्या प्रसंगी कागद हालत होता, पण त्यामागे नजर नव्हती.

पुढे दोन्ही उणिवांवर उपाय योजण्यात आले. विमानमालक व वैमानिक यांच्या अमेरिकी संघटनेने २००२ साली ‘एअरपोर्ट वॉच’ ही मोहीम सुरू केली. धावपट्टीवर वावरणाऱ्या प्रत्येकाने संशयास्पद हालचाल दिसताच राष्ट्रीय दूरध्वनी-क्रमांकावर कळवावे, अशी ही योजना आहे. २००४ पासून परदेशी विद्यार्थ्यास उड्डाणशिक्षण देण्यापूर्वी त्याच्या पूर्ववृत्ताची शासकीय चौकशीही आवश्यक झाली.

बंदोबस्ताच्या मर्यादा

तरीही कोणतेही कुलूप परिपूर्ण नसते. ३ सप्टेंबर २०२२ रोजी मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे, विमानांत इंधन भरणाऱ्या एका कर्मचाऱ्यानेच विमान पळविले आणि ते एका दुकानावर आदळविण्याची धमकी दिली. काही तासांनी ते एका शेतात उतरले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. किल्लीवर ज्याचा हक्क आहे, त्याच्यापुढे कुलपाचे काही चालत नाही. सहकाऱ्याच्या मनाची अस्वस्थता वेळीच ओळखणे हाही सुरक्षेचाच भाग होय.

उलट अतिरेकी बंदोबस्ताचीही किंमत मोजावी लागते. वॉशिंग्टनजवळील कॉलेज पार्क विमानतळावर १९०९ साली विल्बर राइट याने सैन्यातील अधिकाऱ्यांना उड्डाण शिकविले होते. सप्टेंबर २००१ मध्ये हा ऐतिहासिक विमानतळ बंद झाला. पुढील वर्षी तो उघडला खरा, पण तेथे येणाऱ्या वैमानिकास बोटांचे ठसे, पूर्वचौकशी आणि गुप्त क्रमांक यांतून जावे लागू लागले. एकेकाळी सहज येणारे पाहुणे मग दुसरीकडे उतरू लागले.

विमान चालविणारी नवी पिढी लहान धावपट्ट्यांवरच घडते. भारतातही उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील राष्ट्रीय उड्डाण अकादमीसारख्या संस्थांत विद्यार्थी पहिले धडे लहान विमानांतच गिरवितात. हे दार बंद करून भागणार नाही आणि ते सताड उघडे टाकूनही चालणार नाही. धोक्याचे नेमके मोजमाप, दोन कुलुपे, दोन सह्या, आणि अनोळखी माणसाला “आपण कोण? कोणाकडे आलात?” असे सौजन्याने विचारणारा एक जागरूक माणूस, एवढ्या साधनांनी लहान विमानतळाची राखण बऱ्याच अंशी साधते. त्यांतील पहिली तीन साधने पैशाने आणि नियमाने मिळतात. चौथे मात्र सवयीनेच अंगी बाणवावे लागते.