यवतमाळ किती उंच? आणि कशापासून?

अनेक रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली एक आकडा असतो : समुद्रसपाटीपासून उंची अमुक मीटर. यवतमाळ शहराची ही उंची सुमारे ४४५ मीटर आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी सुमारे २३० मीटरवर, तर दक्षिणेकडील पुसद सुमारे ३१५ मीटरवर आहे. आता एक साधा प्रश्न विचारून पाहा. यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग तेथून उंची मोजली कोणी, आणि कशी?

समुद्राची पातळी भरती-ओहोटीने सतत बदलते. म्हणून बंदरांत वर्षानुवर्षे नोंदी घेऊन तिची सरासरी काढतात. हीच 'समुद्रसपाटी'; आपल्या उंचीचे शून्य. तेथून पातळीयंत्र आणि मोजपट्टी घेऊन, थोडे-थोडे अंतर मोजत, भारतीय सर्वेक्षण विभागाची माणसे देशाच्या आतवर आली. डोंगरांची उंची काढण्यास त्रिकोणमिती उपयोगी पडते. एक पाया अचूक मोजावा, शिखराकडे रोखलेल्या दुर्बिणीचा कोन वाचावा. उरलेले काम गणित करते. हा महाप्रकल्प १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केला. त्यांचे निधन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे, म्हणजे आपल्या जिल्ह्यालगतच्या वर्धा जिल्ह्यात झाले. पुढे याच सर्वेक्षणातून हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची निश्चित झाली.

समुद्रापर्यंत न जाता उंचीचा अंदाज हवा असेल, तर हवेला विचारा. वर जावे तसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो आणि दाब घटतो. समुद्रसपाटीवर वायुदाबमापीतील पारा ७६० मिलिमीटर उभा राहत असेल, तर यवतमाळला तो ७२० मिलिमीटरच्या आसपास राहील. पाणीही येथे १०० अंशांऐवजी सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते.

पण उंचीचा आकडा म्हणजे भूमीचे रूप नव्हे. हे समजण्यासाठी भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीस देशाशी तुलना करू. ग्रीसचे क्षेत्रफळ यवतमाळ जिल्ह्याच्या जवळजवळ दहापट आहे. त्याचा बहुतेक भाग डोंगराळ असून ऑलिंपस हे सर्वोच्च शिखर सुमारे २,९१८ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील कळसूबाई १,६४६ मीटर. विशेष म्हणजे ऑलिंपसपासून समुद्र वीस किलोमीटरांच्या आत आहे. म्हणजे दर किलोमीटरला सरासरी १४५ मीटरहून अधिक उतार! उलट, यवतमाळ ते वणी हे सरळ अंतर सुमारे ९० किलोमीटर, आणि उतार २१५ मीटर. दर किलोमीटरला अडीच मीटरसुद्धा नाही.

हा फरक कशामुळे? ग्रीसच्या परिसरात आफ्रिकेचे भूपट्ट युरोपच्या बाजूच्या भूपट्टाखाली सरकत आहे. त्या रेट्याने तेथील खडकांना वळ्या पडून पर्वत उचलले गेले. आपल्या जिल्ह्याच्या बहुतेक भागातील काळा खडक मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. पुढे नद्यांनी ते थर कापले. म्हणूनच आपले डोंगर टोकदार नसून सपाट माथ्याचे, आणि त्यांच्या बाजूंना पायऱ्या दिसतात.

ग्रीसमध्ये बेटेही पुष्कळ आहेत. क्रीट बेटावरील सर्वोच्च शिखर तर २,४५६ मीटर उंच आहे. बेट म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगराचा वर राहिलेला माथा. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा आज वेगळी दिसणारी तेथील कित्येक बेटे एकाच भूमीची होती. बेट कोठे सुरू होते, हे पाण्याची पातळी ठरवते.

आता हाच प्रयोग मनातल्या मनात आपल्या जिल्ह्यावर करा. समजा, पाणी ४०० मीटरपर्यंत चढले. वणी बुडेल, पुसद बुडेल. यवतमाळचे पठार आणि इतर उंच डोंगरमाथे मात्र पाण्याबाहेर राहतील. या काल्पनिक पाण्याचा काठ कागदावर काढला, की झाली ४०० मीटरची समोच्च रेषा. भूगोलाच्या नकाशातील प्रत्येक समोच्च रेषा हा असाच एक काल्पनिक किनारा आहे. रेषा दाट असतील तेथे उतार तीव्र, विरळ असतील तेथे मंद.

या रेषांचा आपल्या रोजच्या जीवनाशी काय संबंध? फार जवळचा. उंच पठार घराच्या आढ्यासारखे असते. त्यावर पडलेला पाऊस दोन्ही बाजूंना वाहून जातो. बेंबळेचे पाणी वर्धा नदीला मिळते. वाघाडी, पूस, अरुणावती आणि अडाण यांचे पाणी पैनगंगेकडे जाते. पठारावर वेगळे झालेले हे पाणी वणी तालुक्यात जुगादजवळ, वर्धा-पैनगंगा संगमावर, पुन्हा एकत्र येते. पण तोवर ते यवतमाळच्या खूप खाली उतरलेले असते.

म्हणून आढ्यावरच्या गावाला मोठी नदी मिळत नाही. यवतमाळ शहराची भिस्त निळोणा आणि चापडोह या जलाशयांवर होती. पाऊस अपुरा पडल्यावर २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई भोगली. बेंबळा धरणाचे पाणी आणण्याची योजना हाती घेतली गेली. पण ते धरण शहरापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर आहे. पाणी वर चढवायचे, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करावे लागते.

उदाहरण करून पाहू. १,००० लिटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. ते १५० मीटर चढवायचे, असे धरू. काम = १,००० × ९.८ × १५० = १४,७०,००० ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. म्हणजे सुमारे ०.४१ युनिट लागेल. एक लाख लोकांना प्रत्येकी १०० लिटर द्यायचे, तर दररोज ४,००० हून अधिक युनिटे! पंपातील आणि नळातील घर्षणाने होणारा अपव्यय आणखी वेगळा. उलट, पठारावर पडलेला पाऊस तेथेच अडवला, जिरवला, तर तेवढे पाणी चढवण्याचा खर्च वाचतो. ढगाने ते आधीच वर आणून दिलेले असते!

तुमच्या शाळेचाही असा नकाशा करता येईल. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या. तीत पाणी भरा. आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. दोन टोके दोन ठिकाणी उभी धरली, की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीवर येईल. प्रत्येक ठिकाणी जमिनीपासून पाण्याची उंची मोजा. जेथे ती जास्त, तेथली जमीन खोल. मैदानावर ठरावीक अंतराने अशी मापे घ्या, शाळेच्या उंबरठ्याला शून्य माना आणि समान उंचीची ठिकाणे रेषेने जोडा. मग नकाशा पाहून सांगा : मैदानावरचा पाऊस कोठून बाहेर जातो, आणि त्याला अडवण्यासाठी खड्डा नेमका कोठे खणावा?