परतीचं तिकीट आधी काढू नका : उपचारांसाठी परदेशप्रवास करणाऱ्यांसाठी थोडं विज्ञान, थोडा सल्ला

आठवीच्या वर्गात ‘बल व दाब’ शिकवत होते. उंचीवर गेलं की हवेचा दाब कमी होतो, एवढं फळ्यावर लिहून झालं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, माझ्या मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, विमानात बसायचं नाही. याचा आणि त्याचा काही संबंध आहे का?”

मामा मस्कतला नोकरीला. डोळ्याचा पडदा सरकला म्हणून रजा टाकून इकडे आले, शस्त्रक्रिया झाली. परतीचं तिकीट मात्र येतानाच काढलेलं, शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवसाचं. आता डॉक्टर नको म्हणतात आणि कंपनीतून रोज फोन. घरात सगळ्यांना वाटत होतं की डॉक्टर उगीच घाबरवतात. डोळ्याचं तर ऑपरेशन, चालता-फिरता माणूस, नुसतं बसून तर जायचंय!

संबंध आहे, आणि अगदी थेट आहे. सरकलेला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, जागेवर चिकटून राहावा म्हणून काही शस्त्रक्रियांमध्ये डोळ्याच्या आत वायूचा बुडबुडा भरतात. तो आतून पडद्याला दाबून धरतो आणि हळूहळू रक्तात विरघळून नाहीसा होतो. कोणता वायू वापरलाय त्यावर हे अवलंबून असतं, दोन आठवडे ते दोन महिने. आता विमानाकडे या. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं. आत हवा दाबून भरलेली असते हे खरं, पण ती जमिनीवरच्याइतकी नसते. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे विमानात बसलेला माणूस, हवेच्या दृष्टीनं, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर जाऊन बसलेला असतो, तेही अर्ध्या तासाच्या आत.

दाब कमी झाला की वायू फुगतो. रॉबर्ट बॉईलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच. महाबळेश्वरला सहल नेताना घाट चढल्यावर वेफर्सची पाकिटं टम्म फुगतात, ते मुलांनी पाहिलेलं असतं. विमानाच्या केबिनमध्ये बंद जागेतला वायू साधारण पाव ते एक तृतीयांश पटीनं वाढतो. पाकिटाला ताण सोसतो. डोळ्याचं बाहेरचं कवच ताणलं जात नाही, त्यामुळे आतला दाब एकदम चढतो, डोळ्यातला रक्तपुरवठा अडतो, प्रचंड दुखतं आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. विमान हवेत असताना त्यावर इलाज करायला कोणी नसतं. बुडबुडा असेपर्यंत घाट चढून जायच्या आधीसुद्धा डॉक्टरांना विचारावं लागतं, आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात वायू आहे हे भूलतज्ज्ञाला आधी सांगावं लागतं. भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साईड त्या बुडबुड्यात शिरून तो फुगवतो.

त्या मुलामुळे लक्षात आलं की हा विषय आपल्यापैकी बऱ्याच घरांत येतो. डिसेंबर आला की परदेशातले नातेवाईक इकडे येतात आणि लग्नकार्याबरोबर दाताचं, गुडघ्याचं, मोतीबिंदूचंही उरकून घेतात. तिकडे खर्च जास्त, नंबर लागायला वेळ, इकडे आपली माणसं. यात चूक काहीच नाही. बांगलादेश, ओमान, केनिया अशा देशांतूनही रुग्ण भारतातल्या मोठ्या शहरांत येतातच. ब्रिटनमधले लोक दातांसाठी आणि केसांसाठी तुर्कस्तानला जातात, अमेरिकेतले मेक्सिकोला. सगळ्यांचा हिशेब सारखाच असतो: तिकीट अधिक ऑपरेशन अधिक हॉटेल. त्या हिशेबात थांबण्याचे दिवस आणि घरी गेल्यानंतरचे महिने धरलेले नसतात.

थांबायचं किती? ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाच्या सूचना तिथल्या आरोग्यसेवेनं लोकांसाठी दिलेल्या आहेत. मोतीबिंदूनंतर एक दिवस, कारण त्यात सहसा वायू भरत नाहीत. दुर्बिणीतून केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस, पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस, पोटाच्या मोठ्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस. नवीन प्लास्टर घातलं असेल तर दोन तासांपेक्षा लांबच्या प्रवासाआधी ४८ तास, कारण प्लास्टरखाली हवा अडकलेली असते आणि हातपायही सुजतात. चेहरा, पापण्या किंवा नाकाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस थांबा, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते. हे सगळे आकडे कमीत कमी दिवसांचे आहेत, आणि सगळं सुरळीत पार पडलं तर. रक्त कमी असलेल्या किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसाचं गणित वेगळं होतं, कारण केबिनमध्ये ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी मिळतो.

दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. ही जास्त फसवी, कारण तिच्यात वायूबियू काही नाही, नुसतं बसणं आहे. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की रक्त साचतं. चार तासांपेक्षा जास्त प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं. धडधाकट माणसात तो मुळात फार लहान असतो, साधारण सहा हजारांत एक. पण शस्त्रक्रिया स्वतःच रक्त गोठण्याकडे झुकवते आणि हा परिणाम काही आठवडे राहतो. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर तर विशेष. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर लांबच्या विमानप्रवासासाठी कित्येक आठवडे थांबायला सांगतात, रक्त पातळ ठेवणारं औषध देतात, दाब देणारे मोजे घालायला लावतात. प्रवासात पाणी प्यावं, घोटे फिरवावेत, अधूनमधून उठावं. घरी पोचल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर “प्रवासाचा शीण असेल” म्हणून झोपून राहायचं नाही. सरळ इस्पितळ गाठायचं.

दातांबद्दल थोडक्यात. इम्प्लांटचा स्क्रू हाडात मुरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे नाताळच्या सुट्टीत सुरू केलेलं काम नाताळच्या सुट्टीत संपेलच असं नाही, दोन फेऱ्या धराव्या लागतात. “आठ दिवसांत सगळी बत्तिशी नवी” अशी जाहिरात दिसली तर त्यासाठी चांगले दात किती घासून काढणार, हे आधी विचारा. घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

आता जंतूंविषयी. स्वीडनमध्ये राहणारा भारतीय वंशाचा एक रुग्ण नवी दिल्लीत इस्पितळात होता. २००८ मध्ये स्वीडनला परतल्यावर त्याच्यात असा जंतू सापडला, की ज्याला शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली प्रतिजैविकंही दाद देईनात. त्या जंतूतल्या विकराला एनडीएम-१ नाव पडलं, त्यात ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. या नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला, आणि मलाही ते नाव आवडत नाही. पण घटनेतली शिकवण नावापेक्षा मोठी आहे. इस्पितळातले जंतू रुग्णाबरोबर विमानातून येतात, कुठल्याही देशातून कुठल्याही देशात. म्हणूनच युरोपातली अनेक इस्पितळं, परदेशी इस्पितळात राहून आलेल्या रुग्णाची दाखल करताना आधी तपासणी करतात. यात अपमान वाटून घेऊ नये. “मी मागच्या महिन्यात परदेशात इस्पितळात होतो” हे वाक्य आपणहून, पहिल्याच भेटीत सांगावं.

हे वाक्य किती महत्त्वाचं आहे, ते २०२३ मध्ये दिसलं. अमेरिकेतले बरेच लोक सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात स्वस्तात सौंदर्यशस्त्रक्रिया करून आले होते. तिथल्या दोन दवाखान्यांत पाठीच्या कण्यातून भूल देताना बुरशीचा संसर्ग झाला आणि ती बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली. लक्षणं काय, तर डोकेदुखी, ताप, मान आखडणं. तीही लगेच नव्हे, काहींना कित्येक आठवड्यांनी. डोकं दुखतंय म्हणून गेलेल्या माणसानं पाठीतल्या त्या इंजेक्शनाचा उल्लेखच केला नाही, तर बुरशीची शंका कोणत्या डॉक्टरला येणार? अनेकांचे जीव गेले. शेवटी सीडीसीनं सांगितलं की त्या वर्षी जानेवारीपासून तिथे अशी भूल घेतलेल्या प्रत्येकानं, काही त्रास नसला तरी, तपासून घ्यावं.

म्हणून मी पालकांना सांगते, निघायच्या आधी घरच्या, म्हणजे जिथे परत जायचंय तिथल्या, डॉक्टरांना भेटा. “मी अमुक ठिकाणी हे करून घेणार आहे, आल्यावर टाके कोण काढणार, काही बिघडलं तर तुम्ही बघाल का?” एवढं विचारा. काही डॉक्टर दुसऱ्यानं केलेलं काम हातात घ्यायला कचरतात, ते आधीच कळलेलं बरं. याच भेटीत लसींचंही विचारून घ्या. कावीळ ‘बी’ची लस तीन डोसांत, साधारण सहा महिन्यांत पूर्ण होते, तेव्हा आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. विम्याची कागदपत्रंही नीट वाचा. साध्या प्रवासविम्यात ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि तिच्यातून उद्भवलेली गुंतागुंत सहसा धरत नाहीत. इस्पितळाला एनएबीएच किंवा जेसीआय मान्यता असणं चांगलंच, पण ती इस्पितळाच्या कामाच्या पद्धतीला असते, तुमच्या सर्जनच्या हाताला नव्हे. सर्जनची नोंदणी वेगळी बघावी लागते. संमतिपत्र समजेल अशा भाषेत मागावं. “सही करा हो, सगळेच करतात” असं म्हणणाऱ्याला दोन मिनिटं थांबवलं तर काही बिघडत नाही.

आणि कागद. निघताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, तपासण्यांचे अहवाल, सीटी-एमआरआयची सीडी, आणि शरीरात काही बसवलं असेल तर त्याचं स्टिकर किंवा कार्ड, हे सगळं हातातल्या बॅगेत. सामानात टाकलेली फाईल बॅगेबरोबर हरवू शकते. औषधांची नावं कंपनीची नव्हे, मूळ औषधाची लिहून घ्या. आपण सहज ‘क्रोसिन’ म्हणतो, अमेरिकेत ते नाव कोणाला कळणार नाही. तिथे पॅरासिटामॉललाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. आखाती देशांत जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामकांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. ऑपरेशननंतर दिलेली गोळी परवानगीशिवाय खिशात असली तर विमानतळावर भलताच प्रसंग ओढवतो. त्या देशाचा नियम निघण्यापूर्वी बघा, चिठ्ठी सोबत ठेवा.

त्या मुलाच्या मामांनी तिकीट पुढे ढकललं. डॉक्टरांनी कंपनीसाठी पत्र दिलं, त्यात विमानप्रवास का चालणार नाही ते दोन ओळींत लिहिलं होतं, आणि फोन थांबले. परवा मुलगा सांगत होता, मामाला त्या डोळ्यात गवंड्याच्या पाणसळीसारखी एक हलणारी रेघ दिसते, आणि ती रोज थोडी थोडी खाली उतरते. बुडबुडा लहान होतोय. रेघ पूर्ण नाहीशी झाली आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, की मग तिकीट.