धाप लागते, पण लेकीकडे जायचंय

“मरायच्या आधी एकदा लेकीचं घर बघू दे गं मला,” सासूबाई म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या. मनातलं अवघड काही बोलून झालं की सोलायला नाहीतर निवडायला घ्यायचं, ही त्यांची जुनी सवय. मान खाली असली की डोळे दिसत नाहीत.

वन्सं बारा वर्षं लंडनजवळ राहतात. दोन्ही बाळंतपणं तिकडेच झाली आणि सासूबाईंचं जाणं दर वेळी राहिलं. आधी मामंजींचं आजारपण, मग करोना, मग त्यांची स्वतःची छाती. २०२३ साली त्यांना बहात्तरावं लागलं होतं आणि आमच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यात त्या दोनदा थांबत होत्या.

आम्ही वर्षानुवर्षं त्याला ‘दमा’ म्हणत आलो. डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकर मारायला लावून तपासणी केली आणि सांगितलं, हा दमा नव्हे, सीओपीडी. श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या, फुप्फुसं झिजलेली. औषधाने आराम पडतो, पण झीज भरून येत नाही. “हा सिगरेट ओढणाऱ्यांचा आजार ना?” ह्यांनी विचारलं, तर सासूबाई संतापल्याच. “अरे, विडीचं थोटूक उचलून टाकायची वेळ आली तरी मी केरसुणीने टाकलं!” डॉक्टर हसले आणि म्हणाले, “आजी, स्वयंपाक कशावर केलात?”

१९६९ साली लग्न होऊन त्या सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आल्या. घरात गॅस आला १९८९ साली. मधली वीस वर्षं चूल, आणि पहाटे सगळ्यांच्या अंघोळीचा बंब. त्यात गोवऱ्या, तुरकाट्या, शेंगांची टरफलं. धुराने डोळे चुरचुरले की पदर लावायचा, एवढाच उपाय माहीत होता. सिगरेटला कधी हात न लावलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हा आजार होतो, तो ह्या धुरातूनच. घरी येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, “भाकऱ्या काय कमी थापल्या का मी!”

तर प्रश्न होता विमानाचा. मला वाटायचं, विमान म्हणजे बंद डबा, आत हवा खेळती, धूळ नाही की धूर नाही. बसून तर राहायचं! डॉक्टरांनी तो गैरसमज घालवला. विमान पस्तीस हजार फुटांवर उडतं. आत हवा दाबून भरलेली असते, पण जमिनीवर असते तितकी नव्हे. डोंगरावर सहा ते आठ हजार फुटांवर असावी, तशी ती विरळ असते. आपलं कळसूबाईचं शिखर ५४०० फुटांचं, उटी ७३०० फुटांच्या आसपास. म्हणजे सासूबाईंना दहा तास उटीच्याही वर नेऊन बसवायचं! आठ हजार फुटांवरच्या हवेत श्वास घेणं म्हणजे जमिनीवर २१ टक्क्यांऐवजी १५ टक्केच प्राणवायू असलेली हवा घेण्यासारखं. धडधाकट माणसाचाही बोटाच्या चिमट्यावरचा आकडा त्यामुळे नव्वद ते त्र्याण्णवपर्यंत उतरतो. त्याला ते जाणवत नाही, इतकंच. ज्याचा आकडा घरी बसूनच कमी, त्याचं काय होईल? काही नव्या विमानांत आतली हवा सहा हजार फुटांएवढी ठेवतात. तेवढा फरकही अशा माणसाला उपयोगी पडतो. तिकीट काढताना विमान कुठलं हे विचारायला लाजू नये.

सासूबाईंचा आकडा बसून ९३ होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं तर ८६. १५ टक्के प्राणवायूची हवा वीस मिनिटं देऊन, विमानात काय होईल ते आधीच बघायची एक तपासणी असते. आम्ही जात होतो तिथे ती सोय नव्हती. डॉक्टरांनी रक्ताची तपासणीही पाहिली आणि सांगितलं, “जाऊ शकतील, पण विमानात पूर्ण वेळ प्राणवायू लावून. आणि मी सांगितलाय तेवढाच. घाबरून मनाने वाढवायचा नाही. ह्या आजारात जास्तीचा प्राणवायूही बाधतो.” शिवाय दोन अटी घातल्या. निघायच्या आधी महिनाभरात छाती भरून आली, कफाचा रंग बदलला, तर तिकीट फुकट गेलं तरी बेत पुढे ढकलायचा. आणि अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन धाप वाढली तर तडक दवाखाना गाठायचा. फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठलेली असेल, तर विमानात ती फुगते आणि जिवावर बेतू शकतं. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस आम्ही दोन महिने आधीच टोचून घेतली.

प्राणवायू न्यायचा कसा, ह्यात आमचे पंधरा दिवस गेले. घरचा सिलिंडर विमानात नेऊच देत नाहीत. काही विमान कंपन्या स्वतःचा सिलिंडर पैसे घेऊन देतात, काही देत नाहीत. आमच्या कंपनीने प्रवाशाने स्वतःचं यंत्र आणावं असं कळवलं. हे यंत्र भोवतालच्या हवेतूनच प्राणवायू गाळून देतं. खांद्याला अडकवायच्या पिशवीएवढं असतं आणि भाड्याने मिळतं. कंपनीच्या यादीतलं आहे ना, हे मात्र भाडं भरण्याआधी बघावं.

हे लहान यंत्र माणसाने नाकाने श्वास आत ओढला की एक झोत सोडतं. सतत वाहत नाही. सासूबाई झोपेत तोंड उघडं टाकतात! यंत्राला श्वास कळेना, ते सारखं पिपाणी वाजवी. हे आम्हाला कळलं कारण आठवडाभर आधी एक रात्र घरीच लावून पाहिलं. विमानात रात्री दोन वाजता कळलं असतं तर? मग ठरलं, त्यांनी विमानात खुर्चीत बसूनच डुलकी काढायची आणि मी शेजारी बसून चिमट्याकडे लक्ष ठेवायचं.

दुसरी भानगड बॅटऱ्यांची. विमानातल्या प्लगवर भरवसा ठेवायचा नाही. प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या लागतात, म्हणजे दहा तासांच्या प्रवासाला पंधरा तासांच्या. आमची एक बॅटरी चार तास चाले. चार घेतल्या, आणि विमानतळावरच्या ताटकळण्यासाठी पाचवी. जादा बॅटऱ्या सामानात टाकायच्या नसतात, हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात. प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी त्या वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवल्या, पापड ठेवावेत तशा. शंभर वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी असेल तर कंपनीची आधी परवानगी लागते. आकडा बॅटरीवरच छापलेला असतो.

कंपनीचा छापील अर्ज डॉक्टरांकडून भरून घेऊन आम्ही दहा दिवस आधी पाठवला. ‘मिळाला, मंजूर’ असं उत्तरही आलं. तरीही मुंबईच्या विमानतळावर खिडकीतली मुलगी म्हणते, “आमच्याकडे अशी काही नोंद नाही.” तिचा आवाज गोड, पण तिच्या संगणकापुढे आम्ही खोटे! पाऊण तास गेला. वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी आणखी कोणाला फोन केला. सासूबाई चाकाच्या खुर्चीत, नाकात नळी, हात जोडून बसलेल्या. हात जोडायचं त्यांना काही कारण नव्हतं आणि ते बघून मला रडू येत होतं. सुदैवाने मंजुरीच्या पत्राची आणि डॉक्टरांच्या अर्जाची छापील प्रत माझ्या पर्समध्ये होती. फोनमधला कागद दाखवायला गेलं की फोन हातात घेऊन कोणी आत जात नाही. कागद घेऊन जातात. म्हणून प्रती तीन कराव्यात. एक आपल्याकडे, एक आजाऱ्याकडे, एक द्यायला.

खाण्याचं सांगते, कारण ते कुठल्या अर्जात नसतं. वर गेल्यावर पोटातला वायूही सुमारे तिसऱ्या हिश्शाने फुगतो (विमानात वेफर्सचं पाकीट टम्म होतं ना, तसंच), आणि फुगलेलं पोट खालून छातीला दाबतं. ज्याला आधीच धाप, त्याला तो दाब सोसत नाही. निघायच्या आदल्या दिवसापासून आमच्याकडे उसळी बंद, कोबी बंद, सोड्याची पेयं बंद. विमानात त्यांनी डब्यातला मेतकूट-भात खाल्ला, तोही दोनदा थोडाथोडा. पाण्याची मात्र मला लढाई करावी लागली. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. कशासाठी ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण विमानातली हवा फार कोरडी, कफ घट्ट होतो. म्हणून स्वच्छतागृहाजवळची, कडेची खुर्ची मागून घेतली होती. तिथपर्यंतच्या आठ पावलांतही नळी काढायची नाही, यंत्र मी मागून धरून चालायची. पायात रक्त साकळू नये म्हणूनही तेवढं उठणं बरं. फवारे, गोळ्या, चिठ्ठी सगळं हातातल्या पिशवीत.

एकदा सासूबाईंनी वर बोट केलं. “त्या सुंदरीने मघा दाखवले ते पिवळे मुखवटे मला देतील ना गं, लागले तर?” नाही. ते विमानातल्या हवेचा दाबच गेला तर खाली पडतात, आणि त्यातला प्राणवायू दहा-पंधरा मिनिटांपुरता असतो. आजाऱ्यासाठी ते नाहीत. पुष्कळ जणींचा हा समज असतो, माझाही होता.

सहाव्या तासाला चिमटा ८७ वर आला. मला घाम फुटला. पाहिलं तर नळी एका बाजूने निसटलेली. ती सरळ केली, त्यांना हळूहळू ओठ आवळून श्वास सोडायला लावला, दोन मिनिटांत ९१. त्या म्हणाल्या, “तू घाबरलीस की मला धाप जास्त लागते.”

लंडनला वन्सं काचेपलीकडे उभ्या होत्या, दोन्ही पोरांना घेऊन. सासूबाई खुर्चीतून उठून चालत जायचं म्हणायला लागल्या. मी नको म्हटलं नाही. यंत्र खांद्याला लावलं आणि मागून चालले.

पाच आठवडे राहिलो. विम्याच्या कागदावर आजार लिहिलेला होता, पण तो काढायची वेळ आली नाही. एकच फजिती झाली. तिथल्या भिंतीत चौकोनी तीन पायांचा प्लग, आणि आमच्या चार्जरचे पाय गोल. पहिल्याच रात्री जावईबापू धावत जाऊन जोडणी घेऊन आले. परतायच्या आदल्या रात्री वन्संच्या ओट्यावर पाची बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लावल्या होत्या आणि सासूबाई शेजारी स्टुलावर बसून नातीला भाकरी थापायला शिकवत होत्या, विजेच्या शेगडीवर.