जुन्या मोटारींतील चार्जिंगचा बिघाड : आधी मोजमाप, मग दुरुस्ती

पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथील कारखान्यात अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. मात्र हौशी मालकांनी जपलेल्या अशा गाड्या आजही धावतात. रात्री दिवे मंदावणे आणि सकाळी स्टार्टर न फिरणे या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी होत. अशा वेळी घाईने नवा अल्टरनेटर बसवला जातो. दोष मात्र अनेकदा सैल पट्ट्यात किंवा गंजलेल्या तारेत असतो.

या पिढीतील गाड्यांत मुळात डायनमो असे. इंजिन मंद गतीने चालताना तो पुरेसा विद्युतप्रवाह देत नसे. अल्टरनेटरने ही उणीव दूर केली. त्यात निर्माण होणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे डायोड एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि रेग्युलेटर त्याचा दाब मर्यादेत ठेवतो.

तपासणीचा क्रम

प्रथम फॅन बेल्टचा ताण आणि बॅटरीची टर्मिनल्स पाहावीत. त्यानंतर मल्टिमीटर लावावा. इंजिन बंद असताना पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ असावा. तो वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या पुढे गेल्यास रेग्युलेटरवर संशय घ्यावा. अल्टरनेटरपाशी दाब योग्य, पण बॅटरीपाशी बराच कमी असेल, तर तार, जोडणी किंवा अर्थ तपासावा.

किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतच नसेल, तर आधी त्याचा बल्ब पाहावा. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा उत्तेजक प्रवाह याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेल्यास निर्दोष अल्टरनेटरही निष्क्रिय राहू शकतो. हे सर्व ठीक असेल, तरच झिजलेले कार्बन ब्रश व डायोड यांकडे वळावे. निकामी डायोडमधून उभ्या गाडीची बॅटरी रात्रभरात उतरू शकते.

धोकादायक सवय

इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची पद्धत डायनमोच्या काळापासून रूढ आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत ती टाळावी. बॅटरी अचानक सुटल्यास दाब उसळून डायोड व रेग्युलेटर जळू शकतात, आणि किरकोळ बिघाडाचा मोठा खर्च होऊन बसतो.