संबळाचा ठोका आणि यंत्राची सोळा घरे

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे, बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या भवानीच्या मंदिरात, घटस्थापनेपासून सीमोल्लंघनापर्यंतचे विधी संबळाच्या कडकडाटात पार पडतात, आणि लग्नकार्यानंतर किंवा नवस फेडताना घरोघरी घातल्या जाणाऱ्या गोंधळातही याच वाद्याच्या जोरावर देवतांना त्यांच्या-त्यांच्या ठाण्यावरून पाचारण केले जाते. तुळजाभवानीला मानणारे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेला मानणारे रेणुराई या गोंधळ्यांच्या दोन्ही परंपरांत संबळाला मानाचे स्थान आहे, आणि आराध्यांच्या गाण्यांनाही त्याची साथ असते. अलीकडे देवीगीतांच्या ध्वनिमुद्रणांत आणि मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांवर हाच ठेका अनेकदा यंत्रातून येतो, आणि तेथे जाणत्या कानाला एक उणीव टोचते. मात्रा बरोबर असतात, ठोके आपापल्या जागी पडतात, तरीही गोंधळ रंगात येत नाही. ही उणीव कोठून येते, आणि तालयंत्रात प्रत्येक ठोक्याचे गुणधर्म स्वतंत्रपणे बदलण्याची जी सोय आज उपलब्ध आहे तिने ती कितपत भरून काढता येते, याचा विचार ताल आणि यंत्र या दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

संबळ हे जोडवाद्य आहे. एक भांडे लहान, त्याचा आवाज चढा आणि टणक. दुसरे मोठे, त्याचा आवाज खर्जातला. लाकडाच्या किंवा धातूच्या या भांड्यांवर कातडे ताणून बसवलेले असते, वादक जोडी कमरेला बांधतो आणि दोन काठ्यांनी वाजवतो. यांपैकी एका काठीचे टोक वळवलेले असते. वाद्याची रचना इतकी साधी असली तरी त्यातून निघणारे ध्वनी दोनच नसतात. काठी कातड्याच्या मध्यावर पडली की काठाशी, पडताच उचलली गेली की क्षणभर टेकून राहिली, आधीच्या ठोक्याची घुमक अजून शिल्लक असताना पडली की ती विरल्यावर, यांवर प्रत्येक ठोक्याचा पोत ठरतो. एकाच आवर्तनातील दोन ठोके वहीत एकाच खुणेने लिहिले गेले तरी ऐकताना ते सारखे नसतात, आणि लय ज्याला म्हणावे ते बव्हंशी या फरकांतच असते. ठोक्यांच्या जागा हा तालाचा केवळ सांगाडा होय.

तालयंत्रांनी प्रथम हा सांगाडाच तेवढा उचलला. इकुतारो काकेहाशी यांनी स्थापन केलेल्या रोलँड या जपानी कंपनीने 1980 मध्ये बाजारात आणलेले टीआर-808 हे यंत्र या घराण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या दर्शनी भागावर एका ओळीत सोळा बटणे असतात, आणि त्यांतील प्रत्येक बटण म्हणजे आवर्तनाचे एक घर, ज्याला वादक स्टेप म्हणतात. आधी वाद्य निवडायचे, मग ज्या घरात ठोका हवा तेथील बटण दाबायचे. दिवा लागला की त्या घरात ठोका बसला, आणि यंत्र सोळाही घरे डावीकडून उजवीकडे पुन:पुन्हा फिरत राहते. मोठ्या ढोलाचा आवाज किती वेळ घुमावा हे ठरवणारी खुंटी त्यावर आहे, परंतु ती फिरवली की त्या ढोलाचे सर्वच ठोके बदलतात. एखाद्या घराला जोर देण्याची सोयही आहे, मात्र तो जोर त्या घरात वाजणाऱ्या सगळ्या वाद्यांना एकदम मिळतो. चौथ्या घरातला ढोल आखूड आणि तेराव्या घरातला लांब, अशी आज्ञा या यंत्राला समजत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या यंत्राशी निगडित एक महत्त्वाची घटना मुंबईत घडलेली आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजीत सिंग यांनी टीआर-808, त्याच कंपनीचे टीबी-303 हे खर्जस्वरांचे यंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, आणि ती ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने 1982 मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा, शिकागोमध्ये 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताशी असलेले तिचे साम्य पाहून जगभरचे श्रोते चकित झाले. येथे मुद्दा अग्रक्रमाचा नाही. चरणजीत सिंग यांना रागाचे चलन यंत्रातून काढता आले याचे एक कारण टीबी-303 च्या रचनेत आहे, कारण त्या यंत्रात प्रत्येक घराला स्वराखेरीज आणखी दोन सूचना देता येत असत. एक जोराची, आणि दुसरी एका स्वरावरून पुढच्या स्वरावर न तुटता घसरत जाण्याची. भारतीय कानाला ही घसरण मींडेच्या जवळची वाटते. घराला केवळ 'वाजव' असे न सांगता 'असे वाजव' असे सांगण्याची सुरुवात मुंबईतल्या त्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी नोंदली गेलेली नाही.

ही कल्पना पूर्णत्वाला नेली ती स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील एलेक्ट्रॉन या कंपनीने. तिच्या 2001 सालच्या मशीनड्रम या यंत्रापासून पॅरामीटर लॉक ही पद्धत रूढ झाली. पॅरामीटर म्हणजे ध्वनीचा बदलता येण्याजोगा गुणधर्म, जसे स्वराची उंची, घुमकेची लांबी, आवाजाची तीव्रता, त्यातील चकाकी कमी-जास्त करणाऱ्या गाळणीची पातळी. आणि लॉक म्हणजे त्या गुणधर्माचे विशिष्ट मूल्य एका विशिष्ट घराशी बांधून टाकणे. कृती अगदी थोडक्यात सांगता येते. घराचे बटण दाबून धरायचे, ते न सोडता हव्या त्या गुणधर्माची खुंटी फिरवायची, आणि मग बटण सोडायचे. त्या घरापुरते नवे मूल्य लागू होते, पुढच्या ठोक्याला यंत्र आपोआप मूळ मूल्यावर परत येते. याच कंपनीच्या 2017 सालच्या डिजिटॅक्ट या यंत्रात एका आवर्तनात 64 पर्यंत घरे ठेवता येतात आणि 72 निरनिराळे गुणधर्म लॉक करता येतात; एखादा गुणधर्म कितीही घरांत बदलला तरी तो एकच मोजला जातो, म्हणून प्रत्यक्षात ही मर्यादा क्वचितच आड येते. लॉक असलेल्या घराचा दिवा लुकलुकतो, आणि चूक झाली तर तेच बटण धरून तीच खुंटी दाबली की लॉक निघून जातो.

या सोयीचा अर्थ उलगडण्यासाठी बहुतेकांच्या परिचयाचा आठ मात्रांचा कहरवा घेता येईल : धा गे ना ती न क धिं ना. प्रत्येक मात्रेला दोन घरे दिली की सोळा घरे भरतात. डग्ग्याचा खुला आवाज पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे घर 1, 3 आणि 13 मध्ये येतो. जुन्या यंत्रावर हे तिन्ही ठोके एकसारखे वाजतात आणि कहरवा निर्जीव होतो, कारण तबलजी 'गे' वाजवताना मनगटाने डग्गा दाबून स्वर वर चढवतो, 'धा' भरीव ठेवतो आणि 'धिं' थोडा मोकळा सोडतो. लॉकच्या साहाय्याने घर 1 ला तीव्रता वाढवता येते, घर 13 ला घुमक लांबवता येते; घर 3 मधील चढता स्वर मात्र एका मूल्याने साधत नाही, कारण तो ठोका पडल्यानंतर बदलत जाणारा असतो. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, घर 4 मध्ये ठोका न घालता केवळ गुणधर्माचा बदल ठेवणे, म्हणजे घर 3 चा आवाज घुमत असतानाच त्याची उंची बदलते. परंतु हा बदल पायरीसारखा एकदम होतो. दुसरा मार्ग अधिक चांगला आहे. स्वराची उंची हळूहळू हलवणारे एक मंद आंदोलन, ज्याला एलएफओ म्हणतात, त्याची मात्रा एरवी शून्य ठेवायची आणि फक्त घर 3 मध्ये ती लॉकने वाढवायची, म्हणजे मनगटाचा दाब त्या एका ठोक्यापुरताच ऐकू येतो.

द्रुत लयीत आणखी एक अडचण उभी राहते. चार घरांचा एक ठोका या यंत्राच्या हिशोबाने मिनिटाला 90 ची गती असेल तर एक घर एक षष्ठांश सेकंदाचे होते, आणि 150 च्या गतीला ते एक दशांश सेकंदावर येते. डग्ग्याची घुमक अर्धा सेकंद टिकत असेल तर पहिल्या गतीला ती तीन घरे व्यापते आणि दुसऱ्या गतीला पाच. म्हणजे घर 3 वर सुरू झालेली 'गे' ची घुमक 90 च्या गतीला घर 5 अखेर संपते, पण 150 च्या गतीला ती घर 7 पर्यंत रेंगाळते, आणि घर 7 वर तर 'ती' आहे, जेथे डग्गा मिटलेला हवा. ठेका चिखलात रुतल्यासारखा वाटण्याचे हे एक अत्यंत साधे कारण आहे. गोंधळात आख्यान रंगत जाते तशी लय चढत जाते, आणि संबळवादक न सांगता हात आखडता घेतो, घुमक तोडतो. यंत्राला हे आपण होऊन सुचत नाही. ज्या घरांनंतर रिकामी जागा हवी तेथे घुमकेची लांबी कमी करणारा लॉक घालावा लागतो, आणि गती बदलली की तो पुन्हा तपासावा लागतो.

संबळ यंत्रात बसवताना यापलीकडची गरज भासते, कारण तेथे एकाच भांड्याचे ठोके केवळ उंची-लांबीने नव्हे तर मूळ ध्वनीनेच वेगळे असतात. यासाठी मोठ्या आणि लहान भांड्यांचे मधले, काठाचे, मोकळे आणि टेकवलेले ठोके स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून घ्यावेत आणि घराघराला निराळा नमुना लॉक करावा; डिजिटॅक्टसारखी यंत्रे हे करू देतात. एका मार्गिकेवर एका वेळी एकच आवाज वाजत असल्याने पुढचा ठोका मागच्याची घुमक तोडतो, आणि हे कातड्यावर पडणाऱ्या काठीच्या वागण्याशी जुळते. त्यासोबत ठोका घराच्या किंचित आधी किंवा नंतर सरकवण्याची सोयही त्याच घराशी बांधलेली असते. एक घर चोवीस भागांत विभागलेले असते, म्हणून 90 च्या गतीला सर्वांत लहान सरक सुमारे 7 हजारांश सेकंदाची होते. हे अंतर वेगळे असे ऐकू येत नाही, परंतु लहान भांड्याचा ठोका सातत्याने तेवढा आधी पडला तर चालीत ओढ निर्माण होते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सोय हाताशी आहे म्हणून सोळाही घरांत सर्व गुणधर्म बदलले तर कानाला धरून ठेवायला काहीच उरत नाही. जे बदलते ते बदलले असे वाटण्यासाठी बाकीचे स्थिर असावे लागते. वाजणाऱ्या संबळाचे एक आवर्तन अनेकदा ऐकून, त्यातील कोणते दोन-तीन ठोके इतरांहून वेगळे आहेत आणि नेमके कोणत्या बाबतीत, हे ठरवल्यावरच लॉक घालणे योग्य होय. या दृष्टीने, बाजारात मिळणारे तयार संबळाचे तुकडे जसेच्या तसे गाण्याखाली चिकटवण्यापेक्षा घराघराने ठेका बांधणे श्रमाचे असले तरी अधिक मोलाचे आहे, कारण पहिल्या मार्गात वादकाच्या हाताची नक्कल होते आणि दुसऱ्यात त्या हाताचा अभ्यास घडतो. धाराशिव, लातूर, सोलापूरकडच्या ज्या तरुणांनी ऑक्टोपॅडवर देवीची गाणी वाजवत या क्षेत्रात पाऊल टाकले आहे त्यांना ही पद्धत विशेष उपयोगी पडेल, कारण कोणता ठोका कसा पडावा हे त्यांच्या हाताला आधीच ठाऊक आहे. त्यांना तेवढे ते घराच्या भाषेत लिहावयाचे आहे.

पुनरावृत्तीचा प्रश्न मात्र लॉकने सुटत नाही. कितीही बारकाईने बांधलेले आवर्तन तसेच्या तसे फिरू लागले की कंटाळा येतो, म्हणून याच यंत्रांत घराला अट घालण्याची सोय दिलेली आहे : हा ठोका चार आवर्तनांतून एकदाच वाजावा, किंवा शंभरात चाळीस वेळा वाजावा, किंवा आधीची अट पूर्ण झाली तरच वाजावा. यांतील संभाव्यतेची अट संबळासाठी फारशी कामाची नाही, कारण संबळवादक मनाला येईल तेव्हा ठोका गाळत नाही. तो गोंधळ्याच्या तोंडाकडे पाहून वाजवतो. गोंधळ्या कथेत थांबतो, झील धरणारे पुढचा शब्द उचलतात, आणि त्या फटीत संबळाचा एक तडाखा येतो. या प्रसंगाला जवळची अट आहे ती फिलची, म्हणजे एक विशिष्ट बटण दाबलेले असेल तेवढा वेळच वाजणाऱ्या ठोक्यांची. हे ठोके त्यांच्या उंची, घुमक आणि सरक यांच्या लॉकसह आवर्तनात आधीच लपवून ठेवता येतात, आणि ते केव्हा उघडायचे हा निर्णय आख्यान ऐकत यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या बोटाकडे राहतो.